जुना मोठा की नवा? एनबीएच्या खेळाडूंची तुलना करण्याची रीत

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्यातला ऑस्कर रॉबर्टसनचा १९६१-६२ चा हंगाम आणि रसेल वेस्टब्रुकचा २०१६-१७ चा हंगाम शेजारी ठेवा. दोघांनीही त्या वर्षी गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू) आणि असिस्ट (ज्यावरून लगेच गुण झाले तो पास) या तिन्ही रकान्यांत सामन्यामागे दहाच्या वर सरासरी राखली. ऑस्करनंतर हे दुसऱ्या कुणाला जमायला पंचावन्न वर्षं गेली. आता दोघांचं ट्रू शूटिंग काढा, म्हणजे फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) आणि थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) धरून येणारी नेमबाजीची टक्केवारी. दोन्हीकडे ५५.४ येते. दशांशसुद्धा हलत नाही. तरीही एकाचे ५५.४ टक्के त्या वर्षाच्या मानाने विलक्षण आहेत, तर दुसऱ्याचे त्या वर्षीच्या सर्वसाधारण खेळाडूइतके.

हा फरक ज्याच्या डोक्यात बसला, त्याला दोन काळांतले खेळाडू एकमेकांशेजारी उभे करता येतात. ज्याच्या डोक्यात बसला नाही तो आयुष्यभर ‘विल्टने शंभर मारले’ (विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात शंभर गुण केले होते, ते) किंवा ‘त्या काळात सगळे बुटकेच होते’ यातलं एक वाक्य बोलत राहतो. फायनल्स आपल्याकडे पहाटे सहाच्या सुमारास लागतात, आणि सामना संपून ऑफिसला निघेपर्यंत मित्रांच्या ग्रुपवर हीच दोन वाक्यं एकमेकांवर आदळत असतात. गावसकर हेल्मेटशिवाय उभे राहिले हे आपण क्रिकेटच्या गप्पांत आवर्जून सांगतो. तेच भान बास्केटबॉलमध्ये कसं आणायचं, ते मी करतो त्या क्रमाने सांगतो. वही, पेन, मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर आणि हंगामवार आकडे देणारं कुठलंही संकेतस्थळ, एवढं पुरे.

आधी प्रश्न लिहा

पानाच्या अगदी वर, खेळाडूंची नावं लिहिण्याच्याही आधी, प्रश्न लिहायचा. ‘श्रेष्ठ कोण’ हा एक प्रश्न नाही, त्यात निदान तीन मिसळलेले असतात. ऐन भरात कोण जास्त चांगला खेळला? पूर्ण कारकिर्दीत कुणी जास्त दिलं? आणि आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होता?

बिल वॉल्टनचं उदाहरण घ्या. १९७७ मध्ये त्याने पोर्टलंडला विजेतेपद मिळवून दिलं, पुढच्या वर्षी तो एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. पण पायाच्या दुखापतींमुळे नियमित हंगामाचे सगळे मिळून ४६८ सामनेच त्याच्या वाट्याला आले. कार्ल मलोन मात्र वर्षानुवर्षं उभा राहिला आणि ३६,९२८ गुण करून थांबला. पहिल्या प्रश्नात मी वॉल्टनला वर ठेवीन, दुसऱ्यात मलोनला, आणि दोन्ही उत्तरं खरी आहेत. वादात दोघं जण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील तर तो वाद संपणार कसा?

एक प्रश्न मात्र मी पानावर येऊच देत नाही: ‘विल्टला आजच्या मैदानावर आणून सोडलं तर?’ आणताना त्याला आजचे बूट, आजचा आहार, आजचे प्रशिक्षक द्यायचे की नाहीत? दिले तर तो १९६२ चा विल्ट राहत नाही. न दिले तर एका माणसाच्या हातून साठ वर्षांची साधनं काढून घेऊन आपण त्याला हरवतो. दोन्हीकडे तुलना आपल्या कल्पनेशीच होते.

नियमांची दिनदर्शिका

दुसरं पान नियमांचं. खेळाडूने जे केलं ते त्याला कुठल्या चौकटीत करता आलं, हे कळल्याशिवाय आकडे उघडू नका.

२२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनीॲपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. हा पूर्ण सामन्याचा निकाल आहे. लेकर्सचा जॉर्ज मायकन आवरत नव्हता म्हणून पिस्टन्स चेंडू हातात धरून उभे राहिले, आणि तेव्हाच्या नियमांत ते चालत होतं. लेकर्सच्या अठरापैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे. प्रेक्षक असल्या खेळाला कंटाळले आणि १९५४-५५ पासून चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. चोवीसच का, तर सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला: चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० शॉट घेतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार केला की चोवीस. म्हणून १९५४ च्या आधीचा आणि नंतरचा गुणांचा आकडा थेट समोरासमोर ठेवायचाच नाही. तो जवळजवळ वेगळा खेळ आहे.

बास्केटखालची पट्टी, म्हणजे लेन, १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट झाली ती मायकनमुळे, आणि १९६४ मध्ये सोळा फूट झाली ती विल्ट चेंबरलेनमुळे. खेळाडूला आवरायला मैदानच बदलावं लागलं, ही नोंद मी कुठल्याही पुरस्काराच्या आधी लिहितो.

थ्री-पॉइंटची रेषा १९७९-८० मध्ये आली. त्या वर्षी संघ सामन्यामागे तीनसुद्धा थ्री घेत नव्हते, सरासरी २.८ होती. २०२३-२४ मध्ये ती ३५.१ झाली. लॅरी बर्डचं पदार्पण नेमकं रेषेच्या पहिल्या वर्षातलं. तो लागोपाठ तीन वर्षं थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकला, पण सामन्यात त्याने कारकिर्दीभर सरासरी दोनसुद्धा थ्री घेतले नाहीत. स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये सामन्यामागे अकराच्या वर घेतले आणि हंगामात ४०२ बास्केटमध्ये घातले. यावरून बर्डला लांबून मारता येत नव्हतं असं म्हणू नका, आणि तो आज असता तर करीइतके टाकले असते असंही नको. दिवसाला दोन मोकळे शॉट मारणं आणि धावता धावता, अंगावर माणूस असताना अकरा मारणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. बर्डच्या काळाने त्याला दुसरं कौशल्य मागितलंच नाही.

२०००-०१ पर्यंत बचाव करणाऱ्या संघाला झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, लावायला बंदी होती. प्रत्येकाने आपल्या माणसाच्या आसपास राहायचं. त्यामुळे मायकेल जॉर्डनला एका बाजूला एकट्या बचावपटूसमोर चेंडू मिळायचा आणि मदतीला येणाऱ्यांना नियमाने मर्यादा होत्या. मात्र तो एकटा बचावपटू त्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला रेटू शकत होता. २००४-०५ पासून पंचांनी या हँडचेकिंगवर कडक शिट्टी वाजवायला सुरुवात केली. लेब्रॉन जेम्सला कमरेवरचा तो हात कमी सोसावा लागला, पण बास्केटकडे जाताना वाटेत झोन लावून बसलेली गर्दी भेटली. ‘जॉर्डनचा काळ कठीण’ म्हणणारे पहिला नियम विसरतात, ‘लेब्रॉनचा काळ कठीण’ म्हणणारे दुसरा. पानावर दोन्ही लिहा.

रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

ही पायरी लोक सरळ ओलांडून जातात, आणि जुन्या खेळाडूंवर सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो.

ब्लॉक (अडवलेला शॉट) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. खेळाडूंच्या टर्नओव्हरची, म्हणजे शॉट घेण्याआधीच गमावलेल्या चेंडूंची, १९७७-७८ पासून. बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला. ज्याने शॉट अडवणं ही बचावाची कला केली, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. विल्टचंही तेच. एका सामन्यातल्या सर्वाधिक ब्लॉकचा विक्रम एल्मोर स्मिथचा, १७, ऑक्टोबर १९७३ मधला. म्हणजे मोजणी सुरू झाली त्याच महिन्यातला! मोजणी दहा वर्षं आधी सुरू झाली असती तर तो विक्रम त्याच्याच नावावर राहिला असता, असं मला वाटत नाही.

करीम अब्दुल-जब्बारच्या बाबतीत हे आणखी फसवं आहे, कारण त्याचा आकडा दिसतो. ३,१८९ ब्लॉक. पण तो १९६९ मध्ये आला, त्यामुळे पहिल्या चार हंगामांतले, ऐन तारुण्यातले ब्लॉक त्यात नाहीतच. यादीत पहिला असलेल्या हकीम ओलाजुवॉनच्या ३,८३० शी तो आकडा भिडवताना हे सांगितलंच पाहिजे.

म्हणून माझ्या वहीत जिथे मोजणी झाली नाही तिथे ‘नोंद नाही’ असं पूर्ण लिहितो. रेघ मारत नाही. रेघ पुढच्या वेळी शून्यासारखी वाचली जाते.

याच कारणाने एका आकड्यात सगळं सांगणाऱ्या मापांपासून सावध राहा. बॉक्स प्लस-मायनससारखं माप १९७३-७४ च्या मागे जातच नाही. जी मापं मागे जातात ती हरवलेल्या रकान्यांच्या जागी अंदाज भरून जातात. ऐंशीच्या दशकानंतरच्या दोन खेळाडूंसाठी ती खुशाल वापरा. एक खेळाडू १९६२ चा असेल तर त्यांच्यावर निकाल सोपवू नका.

आकडा त्याच्या वर्षात परत नेऊन ठेवा

आता कॅल्क्युलेटर. ऑस्कर आणि वेस्टब्रुककडे परत येऊ.

ऑस्कर, सिनसिनाटी रॉयल्स, १९६१-६२: ४४.३ मिनिटं, ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट.
वेस्टब्रुक, ओक्लाहोमा सिटी, २०१६-१७: ३४.६ मिनिटं, ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड, १०.४ असिस्ट.

पहिली गोष्ट मिनिटांची. ऑस्कर जवळजवळ दहा मिनिटं जास्त खेळला. छत्तीस मिनिटांमागे किती, हे काढायला आकड्याला मिनिटांनी भागायचं आणि ३६ ने गुणायचं. ऑस्करचे रिबाउंड १०.२ होतात, वेस्टब्रुकचे ११.१. कच्च्या आकड्यांत ऑस्कर पुढे होता, इथे मागे पडला.

दुसरी गोष्ट वेगाची. १९६१-६२ मध्ये संघ पिसाट धावत. ४८ मिनिटांत एका संघाकडे चेंडूचा ताबा साधारण १२६ वेळा येई. २०१६-१७ मध्ये हा आकडा ९६ च्या आसपास होता. (जुना आकडा अंदाजाने काढलेला आहे, कारण टर्नओव्हरची नोंद नव्हती. म्हणून मी तो ढोबळच वापरतो.) शॉट जास्त आणि ते चुकायचेही जास्त. लीगची फील्ड गोलची, म्हणजे चालू खेळातल्या शॉटची, टक्केवारी ४२.६ होती. त्यामुळे बास्केटला लागून परत येणारे चेंडूही रग्गड. एका सरासरी संघाला सामन्यात सत्तरच्या आसपास रिबाउंड मिळत, २०१६-१७ मध्ये साडेत्रेचाळीस. ऑस्करचे साडेबारा सत्तरातले, वेस्टब्रुकचे पावणेअकरा साडेत्रेचाळिसातले. वाटा काढला तर ऑस्कर अठरा टक्क्यांच्या जवळ, वेस्टब्रुक चोवीसच्या वर. रिबाउंडमध्ये वेस्टब्रुक निर्विवाद पुढे. (त्याच्या संघातले उंच खेळाडू प्रतिस्पर्ध्याला अडवून धरत आणि चेंडू त्याच्यासाठी सोडत, हेही पानावर लिहा. पण ती चाल होती, त्यात फसवाफसवी नव्हती.)

असिस्टमध्ये गंमत अशी, की इतक्या संथ काळातही सरासरी संघाचे असिस्ट फार उतरले नाहीत: तेव्हा २३.९, २०१६-१७ मध्ये २२.६. जुने स्कोअरर असिस्ट द्यायला कंजूष होते. पास घेऊन खेळाडूने चेंडू जरा टप्प्यावर घेतला की असिस्ट गेला. त्यामुळे इथे वेगाच्या हिशेबाने ऑस्करचे असिस्ट कापून टाकणं चूक ठरेल. सरासरी संघाच्या असिस्टांशी तुलना केली तर ऑस्कर ४८ टक्के, वेस्टब्रुक ४६. बरोबरी म्हणा.

एकच गुणक सगळ्या रकान्यांना लावू नका, असं मी वारंवार सांगतो ते यासाठी. विल्टच्या ५०.४ गुणांच्या सरासरीवर हे करून पाहा. तोही हंगाम १९६१-६२ चाच, आणि तो सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला, कारण सामना ४८ मिनिटांचा असला तरी जादा वेळेतही तो मैदानावरच असायचा. छत्तीस मिनिटांमागे त्याचे गुण ३७.४ होतात. वेगाने कापले तर २०१६-१७ च्या मापात साडेअठ्ठावीस. लीगच्या सरासरी गुणांनी, म्हणजे तेव्हाच्या ११८.८ विरुद्ध नंतरच्या १०५.६ ने मोजले तर तेहतीसच्या वर. पहिली रीत धरून चालते की प्रत्येक ताब्यामागे तो तेवढेच गुण करील. दुसरी धरते की बाकीच्यांपेक्षा तो तेवढाच पुढे राहील. मी दोन्ही आकडे लिहितो आणि ‘साडेअठ्ठावीस ते तेहतीस’ असा पट्टा देतो. हा पट्टा बघून विल्ट लहान झाला असं वाटत असेल, तर सामन्याचा जवळजवळ एकही मिनिट न चुकवणाऱ्या माणसाचा आहे तो, हे ध्यानात घ्या. चौतीस मिनिटं जीव तोडून खेळणं आणि साडेअठ्ठेचाळीस मिनिटं शक्ती पुरवून खेळणं यांना एकच मोजपट्टी पूर्ण लागू पडत नाही.

नेमबाजी: सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी हिशेब

ट्रू शूटिंगचं सूत्र पाठ करून ठेवा. फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात फील्ड गोलचे प्रयत्न मिळवा, आलेल्या संख्येची दुप्पट करा आणि गुणांना तिने भागा. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात आणि काही वेळा बास्केटवर एक जादा मिळतो, म्हणून अर्ध्याच्या थोडं खाली ०.४४.

ऑस्करचं मांडू. २,४३२ गुण, १,८१० शॉट, ८७२ फ्री थ्रो. ८७२ ला ०.४४ ने गुणलं की ३८३.७. त्यात १,८१० मिळवले की २,१९३.७. दुप्पट ४,३८७.४. भागाकार ०.५५४. वेस्टब्रुक: २,५५८ गुण, १,९४१ शॉट, ८४० फ्री थ्रो. तुम्हीच करून बघा, ०.५५४ येईल.

आता फक्त एक वजाबाकी राहिली. १९६१-६२ च्या लीगचं ट्रू शूटिंग ४७.९ टक्के होतं, २०१६-१७ च्या लीगचं ५५.२. ऑस्कर आपल्या काळाच्या साडेसात टक्के वर. वेस्टब्रुक शून्य पूर्णांक दोन. दोघांच्याही हातात त्या वर्षी संघाचा जवळजवळ प्रत्येक हल्ला होता. एकाच्या हातातला चेंडू लीगच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त गुण देत होता, दुसऱ्याच्या हातातला सरासरीइतके.

ही वजाबाकी मी कुठल्याही दोन काळांसाठी करतो, आणि तिने माझी कितीतरी ठाम मतं बदलली आहेत. विल्ट १९६१-६२: ५३.६ टक्के, काळाच्या ५.७ वर. जॉर्डन १९८७-८८, सामन्यामागे ३५ गुणांचा हंगाम: ६०.३ टक्के, ६.५ वर. करी २०१५-१६: ६६.९, जवळजवळ तेरा वर! आजच्या लीगची सरासरीच ५८ च्या आसपास आहे. जॉर्डनचे ६०.३ टक्के आजच्या यादीत टाकले तर ते कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत. १९८८ मध्ये त्यांच्याइतकं डोळ्यांत भरणारं दुसरं थोडंच होतं.

आणि नेमबाजीचा आकडा बघताना खेळाडूला काय करायला सांगितलं होतं हेही विचारा. १९६६-६७ मध्ये विल्टची गुणांची सरासरी त्या ५०.४ च्या निम्म्याहून खाली, २४.१ वर आली. त्या वर्षी प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला जास्त पास द्यायला लावले. त्याचे ६८ टक्के शॉट बास्केटमध्ये गेले, असिस्ट आठच्या जवळ गेले, आणि फिलाडेल्फियाने ६८ सामने जिंकून, १३ हरून विजेतेपद घेतलं. विल्टचा सर्वोत्तम हंगाम कुठला विचाराल तर मी हा सांगेन. पन्नासचा नव्हे.

अंगठ्या मोजण्याआधी

विजेत्या संघातल्या खेळाडूंना अंगठी मिळते. रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं मिळवली. त्यातली बरीचशी आठ-नऊ संघांच्या लीगमध्ये, जिथे आपल्या गटात पहिला आलेला संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दोन मालिका जिंकून विजेता होई. आज सोळा संघ प्लेऑफला येतात आणि सातपैकी चार अशा चार मालिका जिंकाव्या लागतात. हा फरक लिहा, आणि उलट बाजूही लिहा. नऊ संघ म्हणजे सगळ्या लीगमध्ये शंभरेक खेळाडू, जागा अगदी थोड्या. विल्ट आणि रसेल कारकिर्दीत १४० हून जास्त वेळा समोरासमोर आले. आज दोन कॉन्फरन्समधले (लीगच्या दोन गटांतले) दोन मोठे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, नियमित हंगामात दोनदा भेटतात.

पुरस्कारांचंही तसंच. फायनल्सचा एमव्हीपी १९६९ पासून दिला जातो. रसेलच्या नावावर तो एकही नाही, आणि आज त्या पुरस्कारालाच रसेलचं नाव आहे. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार १९८२-८३ पासूनचा. हंगामाचा एमव्हीपी १९७९-८० पर्यंत खेळाडूच मत देऊन निवडत, नंतर पत्रकार निवडू लागले. विल्टच्या पन्नासच्या आणि ऑस्करच्या त्या अजब हंगामात खेळाडूंनी एमव्हीपी म्हणून रसेलला निवडलं. रोज त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांचं मत आहे ते. त्याला मी भरपूर वजन देतो.

जॉर्डन फायनल्समध्ये सहापैकी सहा, लेब्रॉन दहापैकी चार, असं सांगून लोक विषय संपवतात. पण जॉर्डनचा संघ १९८५, ८६ आणि ८७ ला पहिल्याच फेरीत बाहेर गेला होता. पहिल्या फेरीत हरणं हे फायनलमध्ये हरण्यापेक्षा चांगलं कसं? विजेतेपदं जरूर मोजा, पण त्यात खेळाडूचा वाटा किती होता ते विचारून मोजा. नाहीतर सात अंगठ्यांचा रॉबर्ट हॉरी जॉर्डनच्या पुढे बसवावा लागेल.

समोर कोण होतं

एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यांदा उतरले ते १९५० मध्ये: अर्ल लॉइड, चक कूपर, नॅट क्लिफ्टन. त्याआधीचे आकडे अर्ध्या दाराआड खेळलेल्या लीगचे आहेत. दार उघडल्यानंतरही बराच काळ संघ किती जणांना घ्यायचं याचा न लिहिलेला हिशेब ठेवत. युरोपातले खेळाडू तर त्याहून उशिरा आले. लिथुआनियाच्या अर्विदास साबोनिसला पोर्टलंडने १९८६ मध्ये निवडलं, पण तो तिथे पोचला १९९५ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, पाय दुखापतींनी जड झालेले असताना. आता पाहा: २०१९ ते २०२५ या सात वर्षांतले सगळे एमव्हीपी अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. आजच्या खेळाडूला जगभरातून निवडलेल्यांसमोर उभं राहावं लागतं, आणि हा मुद्दा नव्यांच्या बाजूने जातो. मी तो मनापासून मान्य करतो.

वर्षं किती मिळाली

कारकिर्दीची बेरीज करताना सुरुवातीचं वय बघा. करीम यूसीएलए या विद्यापीठात चार वर्षं काढून बाविसाव्या वर्षी आला, लेब्रॉन शाळेतून थेट अठराव्या वर्षी. लेब्रॉनने करीमचे ३८,३८७ गुण फेब्रुवारी २०२३ मध्ये मागे टाकले, तेव्हा त्याच्यामागे ही चार वर्षंही होती. ज्युलियस अर्विंगचे एनबीएतले गुण १८,३६४ आहेत, एबीए या तेव्हाच्या दुसऱ्या लीगमधले धरले तर ३०,०२६. दोन लीग १९७६ मध्ये एकत्र आल्या. कुठली बेरीज घेता ते सांगून घ्या.

एल्जिन बेलर १९६१-६२ मध्ये सैन्याच्या राखीव दलात कामावर होता. सुट्टी मिळेल तेव्हा येऊन ४८ सामने खेळला आणि ३८.३ गुणांची सरासरी काढून गेला. सराव नाही, विश्रांती नाही, तळावरून मैदान आणि मैदानावरून तळ. त्याआधी जानेवारी १९६० मध्ये लेकर्सचं विमान बर्फाच्या वादळात आयोवातल्या मक्याच्या शेतात उतरवावं लागलं होतं. त्यातही तो होता. पुढे त्याचा गुडघा गेला तेव्हा आजची शस्त्रक्रिया अस्तित्वात नव्हती. केव्हिन ड्युरांटचा टाचेचा स्नायुबंध २०१९ मध्ये तुटला आणि तो परत येऊन पूर्वीच्याच तोडीने खेळला. बेलरला ती संधी नव्हती. बेरजेत तो मागे राहतो. म्हणूनच दीर्घायुष्याचं वजन मी काळ पाहून कमी-जास्त करतो.

मग सामना बघा

आकड्यांनंतर डोळे, आधी नाही. हायलाइट्स बघू नका. त्यात सगळेच देव दिसतात. निदान एक अख्खा क्वार्टर बघा, आणि तो चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूकडे बघा. जुनं चित्रीकरण तुटपुंजं आहे. विल्टच्या शंभर गुणांच्या सामन्याचं चित्रीकरणच नाही, चौथ्या क्वार्टरचं रेडिओवरचं वर्णन तेवढं उरलं आहे. पण रसेलचे तुकडे मिळतात. त्याचा ब्लॉक थांबवून थांबवून पाहा: तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नाही, आपल्याच गड्याच्या दिशेने हलकेच वळवतो, आणि सेल्टिक्स त्याच क्षणी पळत सुटलेले असतात. प्रेक्षकांत गेलेला ब्लॉक म्हणजे चेंडू पुन्हा समोरच्यांकडेच. आज ब्लॉक मोजले जातात तेही हा फरक दाखवत नाहीत.

जुने गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणणारे खेळाडू, ताठ, अवघडल्यासारखे ड्रिबल करताना दिसतील. हात चेंडूच्या वरच ठेवायचा, खाली गेला की शिट्टी, असे तेव्हाचे पंच होते. त्यांचे हात आखडलेले नव्हते, नियम आखडता होता.

निकाल, आणि एक रिकामी चौकट

शेवटी पहिल्या पानावरचा प्रश्न परत वाचायचा आणि त्याच प्रश्नाला उत्तर द्यायचं. जॉर्डन आणि लेब्रॉनच्या पानांवर माझं उत्तर असं आहे: ऐन भरातला जॉर्डन, पूर्ण कारकिर्दीचा लेब्रॉन. यातलं एकही मत मला दुसऱ्यासाठी सोडावंसं वाटत नाही.

ऑस्कर आणि वेस्टब्रुकच्या पानावर प्रश्न होता, ‘आपल्या काळाच्या मानाने कुणाचा हंगाम मोठा?’ रिबाउंड वेस्टब्रुकचे. असिस्ट बरोबरीत. गुणांचा वाटा वेस्टब्रुकचा थोडा जास्त, आणि तोही कमी मिनिटांत. मग नेमबाजी: एकीकडे साडेसात, दुसरीकडे शून्य पूर्णांक दोन, आणि दोघांनीही अठराशेच्या वर शॉट घेतलेले. माझ्या लेखी ही एक ओळ बाकीच्या सगळ्या ओळींना उचलून धरते, म्हणून पानाखाली मी ऑस्करचं नाव लिहिलं आहे. त्याच पानावर टर्नओव्हरचा रकाना आहे. वेस्टब्रुकच्या चौकटीत सामन्यामागे ५.४ असा मोठा आकडा आहे. ऑस्करच्या चौकटीत ‘नोंद नाही’ लिहिलंय, आणि या रकान्याचा एकही गुण मी कुणाच्या पारड्यात टाकलेला नाही.